भाजीवरचा तवंग आणि सात लिटर पाणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणारे हे गृहस्थ ४४ वर्षांचे. पंचविशीपर्यंत तालमीत होते. पुढे दुकानावर बसायला लागले, मेहनत सुटली आणि खुराक तेवढा राहिला. उंची पाच फूट आठ इंच, वजन ११२ किलोवर गेलं. तीन वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. तालमीतल्या एका जुन्या जोडीदाराने फोनवर पाठवलेला सातशे कॅलरींचा तक्ता ते सहा आठवडे पाळत आहेत: अंड्याचा फक्त पांढरा भाग, उकडलेलं चिकन, उकडलेल्या भाज्या. तेल-तूप शून्य, मीठ जवळजवळ बंद, पाणी दिवसाला सहा लिटर. वजन ९९ वर आलं. पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पोट साफ होत नाही, डोकं जड राहतं. ‘डोकं दुखतंय म्हणजे पाणी कमी पडतंय’ असं जोडीदाराने सांगितल्यावर पाणी सात लिटरवर नेलं. मध्यंतरी पाहुण्यांच्या गावी म्हाईचं, म्हणजे गावच्या जत्रेतलं मटणाचं, जेवण झालं आणि त्या रात्री उजव्या बरगडीखाली दोन-तीन तास जबर कळ आली. आता घरात वेगळीच भानगड आहे. भाजीच्या पाण्यावर तवंग दिसला तेव्हा बायको रोज गुपचूप चमचाभर तेलाची फोडणी देते हे उघडकीला आलं, आणि तीन दिवस अबोला आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात: ‘आमच्यात बरोबर कोण ते सांगा. तेल किती घेतलं तर वजन थांबणार नाही? आणि पाणी सात लिटर पुरतं का आठ करू? त्रास झाला तर होऊ दे, पण वजन उतरायचं थांबाय नको.’

नमस्कार पैलवान,

तुम्ही सही ‘एक माजी पैलवान’ अशी केली आहे, म्हणून मीही तसंच म्हणते. सगळ्यात आधी त्या कळीबद्दल बोलू. तेल किती आणि पाणी किती हे नंतर पाहता येईल. या आठवड्यात पोटाची सोनोग्राफी करून घ्या. तुम्ही ती कळ एका ओळीत उरकून अबोल्यावर अर्धं पान लिहिलं आहे. मला मात्र तुमच्या पत्रातली तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. जेवणानंतर काही तासांनी उजव्या बरगडीखाली उठणारी, पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाणारी, तास-दोन तास टिकून ओसरणारी कळ ही पित्ताशयातल्या खड्यांची असू शकते. पुन्हा तशी कळ आली आणि सोबत ताप, थंडी, सतत उलट्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर रिपोर्टची वाट न बघता रात्री असाल तसे दवाखाना गाठा.

आता तुम्ही म्हणाल, ‘सहा आठवडे तेलाचा थेंब पोटात नाही, मला कसले पित्ताचे खडे?’ इथेच तुमचं गणित उलटं बसलं आहे.

पित्ताशय ही यकृताखालची छोटी पिशवी. यकृतात तयार झालेलं पित्त तिथे साठतं आणि घट्ट होतं. जेवणातली चरबी आतड्यात पोचली की आतड्याकडून निरोप जातो, पिशवी आकुंचन पावते आणि पित्त खाली सोडते. तेल नाही तर निरोप नाही. निरोप नाही तर पिशवी भरलेली, आणि पित्त तिथेच पडून. त्यातच तुमचं वजन आठवड्याला दोन किलोहून वेगाने उतरतंय, म्हणजे अंगावरच्या चरबीतलं कोलेस्टेरॉल सुटून यकृतामार्गे पित्तात जास्त येतंय. पित्त दाट होतंय आणि हलत नाही. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी बरणीत न हलवता ठेवली की तळाला रवे धरते, ते तुम्ही पाहिलं असेल. पित्ताचंही साधारण तसंच होतं. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरवणाऱ्यांत खड्यांचा धोका ठळकपणे वाढतो, हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. आणि अशी सुस्तावलेली पिशवी घेऊन तुम्ही म्हाईला गेलात, मटणाचा कट आणि तवंगाचा रस्सा ओरपलात. इतके दिवस झोपलेल्या पिशवीला एकदम जोर लावावा लागला. कळ तिथूनच आली असा माझा अंदाज आहे. पण अंदाजच. सोनोग्राफी होईपर्यंत मी तो छातीठोकपणे सांगणार नाही.

इथे एक शंका हुशार माणसाच्या मनात येतेच: ‘माझ्या अंगावर इतकी चरबी आहे, ती वितळतेय, मग पिशवीला तीच चरबी का पुरत नाही?’ कारण साठ्यातली चरबी रक्तातून जाते, आतड्यातून जात नाही. पिशवीला निरोप मिळतो तो मुख्यतः तोंडावाटे खाल्लेल्या चरबीचा.

तर वहिनी बरोबर होत्या का? फोडणीच्या बाबतीत, बऱ्याच अंशी हो. पिशवी नीट रिकामी व्हायला दिवसातून एका जेवणात सात ते दहा ग्रॅम चरबी पुरेशी होते. यातला ‘एका जेवणात’ हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या तक्त्यात चिकन आणि इतर जिनसांतून दिवसभरात पाच-सहा ग्रॅम चरबी जातही असेल, पण ती सकाळ-दुपार-संध्याकाळ अशी विखुरलेली आहे. पिशवीच्या दृष्टीने ती जमेस धरण्यासारखी नाही. चहाचा एक सपाट चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, सुमारे ४० कॅलरी. दोन चमचे म्हणजे नऊ ग्रॅम, ८० कॅलरी. वहिनींचा चमचा सगळा एकाच भाजीत जात होता, म्हणजे त्यांनी न मोजता निम्मं काम केलं होतं.

मात्र सोनोग्राफीत खडे दिसले तर हा सगळा हिशेब बदलतो. आधीच खडे असलेल्या पिशवीला तेल देऊन हलवणं म्हणजे कळ ओढवून घेणं. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत तेल एकदम वाढवू नका. सध्या आहे तो एक चमचा राहू दे, आणि त्या चमच्यानेही दुखलं तर तो थांबवून डॉक्टरांना सांगा. खडे नसतील तर दोन चमच्यांपर्यंत जा. खडे असतील तर पुढचा रस्ता तुमचे डॉक्टर ठरवतील. वजन झपाट्याने उतरवताना खडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळीही काही जणांना देतात, त्याबद्दल त्यांना विचारा. दुकानातून स्वतः आणू नका.

आता तुमची भीती: तेल घेतलं तर वजन थांबेल. मोजून बघू. दिवसाला ८० कॅलरी जास्त गेल्या तर आठवड्याला ५६० झाल्या. एक किलो चरबी कमी व्हायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे दोन चमचे तेलाने आठवड्याला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमचा फरक पडला. तुमच्या दुकानातल्या तराजूवर तो दिसेल, बाथरूममधल्या काट्यावर दिसणार नाही. तेवढ्यासाठी तीन दिवस अबोला म्हणजे फारच महाग सौदा, हे तुम्ही दुकानदार असून मी सांगायला नको.

चरबीचं दुसरं काम म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारी दोन आम्लं पुरवणं: लिनोलेइक आणि अल्फा लिनोलेनिक. अतिअल्प कॅलरींच्या तयार आहारासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांनी १९९५ साली किमान आकडे ठरवून दिले: दिवसाला पहिलं तीन ग्रॅम, दुसरं अर्धा ग्रॅम, आणि त्यासोबत निदान ५० ग्रॅम चांगल्या प्रतीचं प्रथिन. सातशे कॅलरींतही चरबी शून्य धरलेली नाही, हे लक्षात घ्या. खरं सांगायचं तर पहिल्या आम्लाची सहा आठवड्यांत तुम्हाला टंचाई होणार नाही, कारण ते पोटावरच्या चरबीत थोडं साठलेलं असतं आणि वितळताना सुटतं. म्हणून मी पित्ताशयाला पहिला नंबर दिला. पण तेल घ्यायचंच आहे तर असं घ्या, की एका चमच्यात दोन्ही कामं व्हावीत.

इथे आपल्या स्वयंपाकघरात सोय आहे. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे पाऊण हिस्सा असतं, म्हणजे एका चहाच्या चमच्यात तीन ग्रॅमचा कोटा पुरा. दुसऱ्या आम्लासाठी जवस. चमचाभर जवसाची पूड जेवणात घेतली की अर्धा ग्रॅम मिळतं. दाणे अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून, कुटून. आमच्याकडे जवसाची आणि कारळ्याची चटणी पूर्वी ताटात रोज असायची. आता ती बचत गटाच्या स्टॉलवरून ‘हेल्दी’ म्हणून दुप्पट भावात येते, ते असो. शेंगतेल वाईट नाही, पण त्यात दुसरं आम्ल नाहीच म्हणावं इतकं. तूप आणि खोबरं यांत दोन्ही नावापुरती. पांढऱ्या रश्श्यावर तुमचं प्रेम असणार, तुम्ही कोल्हापूरचे, पण ‘खोबऱ्यातली चरबी चांगली’ म्हणून तो या हिशेबात धरू नका.

सोनोग्राफीत खडे नसतील तर तुम्ही पिवळा बलक टाकून देता तेही जरा थांबवा. एका बलकात साडेचार-पाच ग्रॅम चरबी, साधारण ५५ कॅलरी. दुपारच्या जेवणात एक बलक आणि एक चमचा करडईचं तेल इतकं एकत्र घेतलं की नऊ-साडेनऊ ग्रॅम झाले, काम फत्ते. अंडी न खाणारे वाचक असाच तक्ता पाळत असतील तर त्यांच्यासाठी: पंधरा ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे मोजून वीस-पंचवीस दाणे, सात ग्रॅम चरबी देतात. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढून मिळणारं म्हशीचं दूध अर्धा ग्लास घेतलं तरी सहा-सात ग्रॅम होते. पूर्ण ग्लास मात्र नाही. तालमीतल्या दिवसांत तुम्ही तिथे उभ्याउभ्या लिटरभर संपवत असाल, त्या आठवणीत रमू नका.

बद्धकोष्ठावरही या तेलाचा थोडा उपयोग होईल. बाकी पालेभाजी, आणि लागलंच तर इसबगोल, पण तो भरपूर पाण्यासोबत.

आता पाणी. सात लिटर वाचून मला खरोखर काळजी वाटली.

पाणी जास्त प्यायलं की चरबी धुऊन निघते, अशी तुमच्या जोडीदाराची समजूत दिसते. तशी ती निघत नाही. शरीरात चरबी जळते तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. दहा किलो चरबी जळली तर त्यातली सुमारे ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन जाते आणि उरलेल्याचं पाणी होतं. म्हणजे मोठा हिस्सा नाकावाटे जातो. तांब्यावर तांबे रिचवून तो वेग वाढत नाही.

उलट, कमी जेवणाऱ्या माणसाने अति पाणी पिण्यात एक सापळा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मूत्रपिंडाला नुसतं पाणी बाहेर टाकता येत नाही, प्रत्येक लिटरसोबत थोडे क्षार आणि प्रथिनांतून आलेला युरिया टाकावाच लागतो. नेहमीसारखं जेवणाऱ्या निरोगी माणसाकडे हा माल पुरेसा असतो, त्यामुळे तो दिवसाला दहा-बारा लिटरही बाहेर टाकू शकतो. जेवणच कमी, त्यात मीठ बंद, की माल संपतो आणि ही मर्यादा चार-पाच लिटरपर्यंतही खाली येऊ शकते. वरचं पाणी मग अंगात राहतं आणि रक्तातलं सोडियम पातळ करतं. सुरुवातीची लक्षणं ऐका: डोकं जड, मळमळ, थकवा. तुमचं डोकं दुखलं, तुम्ही पाणी वाढवलं, आणि कदाचित दुखणंच वाढवलं. पुढे गोंधळल्यासारखं होणं, झटके येणं, इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. तुम्ही प्रथिनं बऱ्यापैकी खाता, म्हणून अजून निभावलं असावं.

रक्तदाबाच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. घरात पाकीट असेल, त्यावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही आहे का बघा. या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहेत आणि सोडियम आणखी खाली ओढतात. तसं असेल तर सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी उद्याच करा, परवा नको.

मग अंधारी का येते? पाणी तर भरपूर आहे! त्याला कारण मीठ. उपासाच्या आहारात इन्शुलिन उतरतं, आणि इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंड मीठ जास्त सोडून देतं. रक्तातला द्रव घटतो, दाब उतरतो. त्यावर तुमची गोळी ११२ किलोच्या माणसाच्या मापाची, आणि ती ९९ किलोचा माणूस घेतोय. बसलेल्या स्थितीत एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांनी एकदा रक्तदाब मोजा, दोन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने उतरत असेल तर गोळी कमी करायची वेळ झाली आहे. ती त्यांनी कमी करायची. मनाने बंद करू नका.

मीठ बंद करण्यामागे ‘मिठाने पाणी साठतं’ हा तुमचा तर्क असणार. तुम्ही तालमीत होता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळायला हवं! कुस्तीच्या आदल्या दिवशी वजन उतरवणारे पैलवान पाहिलेत ना? घाम काढायचा, पाणी तोडायचं, काट्यावर दोन-तीन किलो कमी. काट्यावरून उतरून पाणी प्यायलं की वजन परत. ती चरबी कधीच नव्हती. तुमच्या पहिल्या आठवड्याच्या उताराचंही बरंचसं तसंच आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर पहिल्या काही दिवसांत संपते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते सुटून जातं. तेव्हा १३ किलोंतले दोनेक किलो पाण्याचे धरा. उद्या अर्धी भाकरी जास्त खाल्ल्यावर काट्यावर किलोभर चढलं तर घाबरून पुन्हा मीठ-तेल तोडू नका. ते परत आलेलं पाणी आहे.

तर प्रमाण किती? तुमच्यासारख्या माणसाला चहा, ताक, सूप सगळं धरून दोन ते अडीच लिटर. आपण नेहमी जेवतो तेव्हा रोजच्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा जेवणातूनच मिळतो: भात, आमटी, भाजी. जेवण कमी झालं की तो हिस्साही जातो, म्हणून ग्लास-दोन ग्लास जास्त प्यायचे, हे तुमच्या जोडीदाराचं मूळ म्हणणं खरं आहे. त्याने ते तिप्पट केलं, इतकंच. सध्याच्या उन्हात दुकानाच्या पत्र्याखाली घाम गाळत असाल तर अर्धा-पाऊण लिटर आणखी. लघवी फिकट पिवळी हवी. पाण्यासारखी पांढरी होत असेल तर जास्त होतंय, चहासारखी गडद असेल तर कमी पडतंय. घरातला तांब्या एकदा मोजून घ्या, कोणाचा पाऊण लिटरचा असतो, कोणाचा सव्वा. आणि सातवरून अडीचवर येताना एकदम गटागटा लिटरभर पिणं बंद करून तेच पाणी दिवसभरात घोटाघोटाने वाटून घ्या.

मिठासाठी मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे अळणी. मटण किंवा चिकन शिजवलेलं ते पाणी, जे घरात रश्श्याआधी लहान मुलांना वाटीत मिळतं. गार करा, वर जमलेला चरबीचा थर काढून टाका, चवीपुरतं मीठ घाला, पुन्हा गरम करून एक वाटी घ्या. पाणी आणि मीठ दोन्ही सोबत जातात, आणि जेवल्यासारखं वाटतं ते वेगळंच. शाकाहारी असाल तर पातळ ताक, चिमूटभर मीठ, जिरेपूड. किती वाट्या हे मात्र सोडियमचा रिपोर्ट आणि तुमचा रक्तदाब पाहून डॉक्टर सांगतील. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा परिच्छेद आपल्यासाठी नाही असं समजावं.

आणि बाजारात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, ते आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा गटातली गोळी चालू असेल तर ती आधीच पोटॅशियम धरून ठेवते. दोन्ही मिळून हृदयाच्या ठोक्यांशी खेळ होतो.

मधुमेहाच्या गोळीबद्दलही दोन शब्द. ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीची गोळी असेल तर सातशे कॅलरींवर साखर ७० च्या खाली घसरू शकते: हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, धडधडतं. तेव्हा डाएट गुंडाळून ठेवा आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. डापाग्लिफ्लोझिनसारखी ‘-ग्लिफ्लोझिन’ नावाची गोळी असेल तर धोका वेगळा आहे. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं असं झालं तर तडक रुग्णालय. नुसती मेटफॉर्मिन असेल तर त्या मानाने निर्धास्त.

आता हा आहार सोडू का चालू ठेवू? तुम्ही हे विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं.

अतिअल्प कॅलरींचा आहार म्हणजे भोंदूगिरी, असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षं न झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींवर ठेवलं. वर्षभरानंतर त्यांतल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. निकाल २०१७ साली आला. तुम्हाला मधुमेह होऊन तीनच वर्षं झालीत आणि १३ किलो तुम्ही उतरवलेत. म्हणजे तुमची मेहनत वाया गेलेली नाही, उलट अगदी मोक्याच्या जागी आहे. पण त्या लोकांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, आणि तपासण्या ठरलेल्या वेळी होत होत्या. त्यांचा आहारही जीवनसत्त्वं, क्षार, आवश्यक चरबी मोजून घातलेला तयार आहार होता. उलट उदाहरण अमेरिकेतलं. १९७७ च्या सुमाराला तिथे हलक्या प्रतीच्या द्रव प्रथिनांवर उपास करण्याचं वेड आलं होतं. कातडी आणि हाडांपासून काढलेलं प्रथिन पिऊन लोक महिनोन्महिने राहिले, आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली, बरीचशी हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊन. वजन त्यांचंही झपाझप उतरत होतं.

तेव्हा तुमच्यापुढे दोन वाटा दिसतात. रिपोर्ट चांगले आले आणि तुमचे डॉक्टर दर पंधरवड्याला बघायला तयार असले, तर तेल-मीठ-पाण्याची वरची दुरुस्ती करून, आठशेच्या आसपास, एकूण बारा आठवडे पुरे होईपर्यंत चालू ठेवा. ते तयार नसले किंवा खडे निघाले, तर बाराशे-चौदाशेवर या: एक-दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर पातळ आमटी, उसळ, ताक, खरडा हवा तेवढा. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो उतरेल. तुम्हाला ते गोगलगायीसारखं वाटेल. मला तुमच्या जागी ही दुसरी वाट आवडली असती, हे लपवत नाही. अंधारी येणारा माणूस मोटारसायकलवरून दुकानाला जातो, हे मला पटत नाही.

कुठल्याही वाटेने गेलात तरी हा आहार एका दिवसात मोडू नका. दोन ते चार आठवडे घेऊन हळूहळू वाढवा. तोवर म्हाईचं आमंत्रण आलं तर जा, पाहुण्यांना नाही म्हणणं आपल्याकडे सोपं नाही. पण अळणी, दोन फोडी आणि अर्धी भाकरी घ्या, आणि कटाची वाटी शेजाऱ्याकडे सरकवा.

हे वाचून दुसऱ्या कोणी उद्यापासून सातशे कॅलरी सुरू करू नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढीच्या वयातली मुलं, इन्शुलिन घेणारे, हृदयाचे-मूत्रपिंडाचे रुग्ण, पूर्वी खाण्याच्या विकारातून गेलेली माणसं यांनी तर मुळीच नाही. दहा किलोच कमी करायचे असतील त्यांनाही याची गरज नाही.

राहिली वहिनींची गोष्ट. त्यांनी चोरून तेल घातलं हे मला आवडलं नाही, कारण ताटात काय आहे ते गोळ्या घेणाऱ्या माणसाला कळायलाच हवं. पण त्यांनी चोरून का घातलं याचाही विचार करा. सहा आठवडे समोर उकडलेलं चिकन चघळणारा, उठताना भिंत धरणारा नवरा बघितला असेल, आणि उघड सांगितलं असतं तर तुम्ही ताट सरकवलं असतंत. आज दुकान बंद करून येताना लाकडी घाण्यावरून पाव लिटर करडईचं तेल आणि एक चहाचा चमचा घ्या, दोन्ही त्यांच्या हातात द्या आणि दुपारच्या भाजीत किती घालायचं ते दोघांनी मिळून ठरवा. सोनोग्राफीची वेळ सकाळची घ्या. आधी सहा-आठ तास काही खायचं नसतं, पाणी चालतं. साधं पाणी, तेही ग्लासभर. जाताना त्यांनाही सोबत न्या, कळ कधी आली आणि किती वेळ टिकली हे डॉक्टरांना त्या तुमच्यापेक्षा खरं सांगतील.